लिंका काढल्या, पण यादी अर्धीच आली

पानावर पंचवीस-तीस पीडीएफ डोळ्यांना दिसत असतात. त्या पानाचा पत्ता लिंका काढून देणाऱ्या एखाद्या फुकट साइटच्या चौकटीत टाकायचा, बटण दाबायचं, आणि जी यादी येते तिच्यात एकही पीडीएफ नाही. असतं काय, तर मुखपृष्ठ, आमच्याविषयी, संपर्क, फेसबुक, पुन्हा एकदा फेसबुक. मग दुसरं साधन शोधलं जातं, तिथे आकडा वेगळाच येतो. तिसरं साधन पैसे मागतं. शेवटी प्रत्येक पीडीएफवर उजवं बटण दाबून पत्ता उचलायचा आणि वहीत टिपावा तसा एकाखाली एक चिकटवायचा. यात अख्खी दुपार जाते.

ही तक्रार इतक्या जणांकडून येते की एकदा सविस्तर लिहून टाकतो. कुणी शिक्षक शासन निर्णयांची यादी करत असतात, कुणी मराठी विकिपीडियावरच्या लेखातले बाहेरचे दुवे जिवंत आहेत का बघत असतात, कुणी जुन्या अंकांच्या पीडीएफ जमवत असतात. कामं वेगळी, अडचण एकच. आणि बहुतेक वेळा साधनात काही बिघाड नसतो. तुम्हाला स्क्रीनवर जे पान दिसतं ते त्याला मिळालेलंच नसतं. म्हणून साधन बदलण्याआधी लिंका नक्की कुठे आहेत ते शोधायचं. त्याला दोन मिनिटं लागतात.

आधी सोर्स बघा

पान ब्राउझरमध्ये उघडा आणि कंट्रोल-यू दाबा. सर्व्हरने पाठवलेला मूळ एचटीएमएल मजकूर समोर येईल. तो बघून घाबरायचं कारण नाही, त्यातलं काही वाचायचं नाहीये. कंट्रोल-एफ दाबून तुम्हाला हव्या असलेल्या एखाद्या फाइलच्या नावाचा तुकडा शोधा. नाव माहीत नसेल तर नुसतं 'पीडीएफ' हे रोमन अक्षरांत शोधलं तरी चालेल.

सापडलं, तर लिंका सोर्समध्ये आहेत आणि जवळपास कुठलंही साधं साधन त्या काढू शकेल. तरीही यादी चुकत असेल तर अडचण पुढच्या टप्प्यावर आहे, तिच्याकडे नंतर येतो.

सापडलं नाही, तर ते पान तुमच्या ब्राउझरमध्ये जोडलं जातंय. हल्लीच्या बऱ्याच साइट अशाच चालतात: सर्व्हर आधी एक जवळजवळ रिकामा सांगाडा पाठवतो, त्यात वरचा मेनू आणि खालची पट्टी असते, मग जावास्क्रिप्ट धावते, दुसऱ्याच एखाद्या पत्त्यावरून माहिती मागवते आणि यादी पानात भरते. ब्राउझर जावास्क्रिप्ट चालवतो, म्हणून तुम्हाला यादी दिसते. साधं साधन फक्त पहिला मजकूर वाचतं आणि त्यात ए टॅगचे (एचटीएमएलमध्ये लिंक लिहायची खूण) एचरेफ (त्या खुणेतला लिंकेचा पत्ता) शोधतं. मेनू, संपर्क आणि फेसबुक तेवढे त्याच्या हाती का लागतात, त्याचं उत्तर हेच आहे.

गूगल शीट्समधल्या इम्पोर्ट-एक्सएमएल या फंक्शनचंही असंच आहे. ते मला आवडतं, कारण काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही. पहिल्या जागी पानाचा पत्ता, दुसऱ्या जागी एक छोटं सूत्र (दोन तिरप्या रेघा, ए, एक तिरपी रेघ, ॲट चिन्ह, एचरेफ) आणि लिंका थेट रकान्यात उतरतात. विकिपीडियासारख्या सरळ पानांवर ते झकास चालतं. पण जावास्क्रिप्ट तेही चालवत नाही. शिवाय पान मागायला तुमचा संगणक जात नाही, गूगलचा सर्व्हर जातो. त्यामुळे लॉगिन करून दिसणारं पान त्याला दिसणार नाही. आणि काही सरकारी साइट भारताबाहेरून उघडतच नाहीत, हे परदेशातल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. फुकट ऑनलाइन साधनांचे सर्व्हरही बहुधा बाहेरच असतात. पुण्यात बसून तुम्हाला व्यवस्थित दिसणारं पान साधनाला 'सापडत नाही', त्यामागे कधीकधी एवढंच कारण असतं.

ब्राउझरकडूनच यादी घ्या

पान ब्राउझरमध्ये तयार होत असेल तर यादीही ब्राउझरलाच मागावी. एफ-१२ दाबा, कन्सोल हा टॅब उघडा. ब्राउझर प्रत्येक पानासाठी 'डॉक्युमेंट डॉट लिंक्स' नावाची एक यादी स्वतःच सांभाळत असतो: पानातला एचरेफ असलेला प्रत्येक ए टॅग, आणि चित्रावरच्या नकाशातला प्रत्येक एरिया टॅगही, तिच्यात असतो. पान जोडून झाल्यावर जे काही आत आलं तेही तिच्यात येतं. ही यादी क्लिपबोर्डवर घ्यायची ओळ अशी:

कॉपी([...डॉक्युमेंट.लिंक्स].मॅप(ए => ए.एचरेफ).जॉइन('\एन'))

इथे देवनागरीत लिहिली आहे. कन्सोलमध्ये रोमन लिपीत, सगळी अक्षरं छोटी ठेवून टाइप करा. विरामचिन्हं जशीच्या तशी. एंटर दाबलं की स्क्रीनवर फारसं काही होत नाही, पण शीटमध्ये जाऊन पेस्ट करा, एका ओळीत एक अशा सगळ्या लिंका उतरतील. मग शेवटी पीडीएफ असलेल्या तेवढ्या फिल्टर लावून वेगळ्या करा.

ही ओळ पेस्ट करायला गेलात तर ब्राउझर अडवतो आणि आधी 'अलाऊ पेस्टिंग' असं टाइप करायला लावतो. त्याचा राग येऊ देऊ नका. कन्सोलमध्ये पेस्ट केलेला कोड त्या साइटवर तुमच्या लॉगिननिशी चालतो, आणि 'हे एवढं पेस्ट करा, बक्षीस मिळेल' असं सांगून लोकांची खाती पळवण्याचा धंदा जुना आहे. वरची ओळ हाताने टाइप करण्याइतकी लहान आहे. हातानेच टाइप करा, म्हणजे ती काय करते तेही कळेल. दुसऱ्या कुणी दिलेला पानभर लांब कोड तिथे टाकू नका, मग तो माणूस कितीही भला असो.

एवढं करूनही यादी अर्धी येत असेल तर पान पूर्ण उतरलेलं नसतं. खालपर्यंत स्क्रोल करा, 'आणखी दाखवा' असेल ते संपेपर्यंत दाबा, आणि मग ओळ चालवा. एक प्रकार मात्र जास्त फसवा आहे. काही लांब याद्यांमध्ये स्क्रोल करताना खालच्या नोंदी आत येतात, तशा वरच्या नोंदी पानातून काढूनही टाकल्या जातात, ब्राउझरवर ताण येऊ नये म्हणून. तळाशी जाऊन ओळ चालवली तर शेवटच्या वीसेक नोंदीच मिळतात. लोक म्हणतात, मघाशी वेगळ्या लिंका आल्या होत्या, आता वेगळ्या. दोन्ही वेळा बरोबरच आल्या होत्या. त्या क्षणी पानात जेवढं होतं तेवढंच ब्राउझरने दिलं.

अशा वेळी मी लिंकांचा नाद सोडून थेट माहितीच्या मुळाशी जातो, आणि खरं तर हा रस्ता अनेकदा सगळ्यात सोपा निघतो. एफ-१२ मध्येच नेटवर्क नावाचा टॅब आहे. तो उघडून 'फेच/एक्सएचआर' हा फिल्टर लावा आणि पान रिफ्रेश करा. पान यादी कुठून मागवतं ते तिथे ओळीने दिसेल. एकेकावर क्लिक करून 'रिस्पॉन्स' बघा. बहुतेक वेळा एका उत्तरात जेएसओएन स्वरूपात (साइट आपसात माहिती पाठवतात ती मजकुराची मांडणी) सगळी यादी असते: शीर्षक, तारीख, फाइलचं नाव. कधी पूर्ण पत्ता असतो, कधी फक्त फाइलचं नाव किंवा क्रमांक. नुसतं नाव असेल तर पानावरची कुठलीही एक पीडीएफ उघडून तिचा पत्ता बघा, नावाच्या आधीचा भाग बहुधा सगळ्यांना सारखाच असतो. शीटमध्ये एका रकान्यात तो भाग, शेजारी नाव, आणि तिसऱ्या रकान्यात दोन्ही जोडले की झालं. शिवाय तारीख आणि शीर्षक सोबत मिळतं, जे नुसत्या लिंका काढून कधीच मिळत नाही.

चौकटीतली चौकट

यादी पानाच्या आत दुसऱ्या पानाच्या चौकटीत, म्हणजे आयफ्रेममध्ये असेल तर कन्सोलमधली ओळ त्या चौकटीत शिरत नाही. ओळखायची खूण: त्या भागावर उजवं बटण दाबल्यावर मेनूत 'फ्रेम' हा शब्द दिसतो. फायरफॉक्समध्ये तिथूनच चौकट नव्या टॅबमध्ये उघडता येते. क्रोममध्ये कन्सोलच्या वरच्या डाव्या बाजूला 'टॉप' असं लिहिलेली यादी असते, तिच्यातून ती चौकट निवडा आणि ओळ पुन्हा चालवा. पीडीएफच पानात चिकटवून दाखवलेली असेल तर तिचा पत्ता लिंकेत शोधू नका, तो सोर्समध्ये चौकटीच्या टॅगातल्या 'एसआरसी' या शब्दापुढे असतो.

जिथे लिंकच नसते

आता सगळ्यात जास्त डोकं खाणारा प्रकार. जुन्या सरकारी आणि विद्यापीठांच्या अनेक साइट एएसपी डॉट नेटच्या वेब फॉर्म्स पद्धतीवर बांधलेल्या आहेत. लिंकेवर माउस नेला की खाली कोपऱ्यात पत्त्याऐवजी 'जावास्क्रिप्ट:' आणि पुढे दोन अंडरस्कोअर लावून 'डू-पोस्टबॅक' असं दिसतं. यादीतही तेच उतरतं, एकाखाली एक, सगळीकडे तेच, फक्त कंसातला मजकूर वेगळा.

इथे साधनाला दोष देण्यात अर्थ नाही. त्या जागी पत्ता नाहीच. क्लिक केल्यावर ब्राउझर पानातला एक अख्खा फॉर्म सर्व्हरकडे पाठवतो, त्यात 'व्ह्यूस्टेट' नावाचा लांबलचक लपलेला मजकूर असतो, आणि कुठली फाइल द्यायची ते सर्व्हर तो बघून ठरवतो. जी गोष्ट पानात लिहिलेलीच नाही ती कुणालाच काढता येणार नाही, पैसे देऊन घेतलेल्या साधनालासुद्धा.

यातलंच एक पोटदुखणं म्हणजे खालचे पानांचे आकडे. १, २, ३ हेही पोस्टबॅकच असतात, त्यामुळे दुसऱ्या पानावर गेलात तरी वरचा पत्ता बदलत नाही. तो पत्ता साधनाला दिला की दर वेळी पहिलंच पान मिळतं, आणि माणूस चक्रावतो की पाचव्या पानाची यादी पहिल्या पानासारखी कशी. उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा आहे: ब्राउझरमध्ये एकेक पान उघडत जा, प्रत्येक पानावर कन्सोलमधली ओळ चालवा (वरचा बाण दाबला की आधीची ओळ परत येते, पुन्हा टाइप करावी लागत नाही) आणि शीटमध्ये खाली खाली पेस्ट करत जा. दहा-वीस पानांसाठी हेच बरं. शेकडो पानं असतील तर ब्राउझरला प्रोग्रॅमने चालवणारं सेलेनियम किंवा प्लेराइट शिकावं लागेल. तो वेगळा विषय आहे, आणि एका वेळच्या कामासाठी त्यात पडू नये असं माझं मत.

फाइलची लिंकही पोस्टबॅक असेल, तर एकदा क्लिक करून बघा काय होतं. पीडीएफ नव्या टॅबमध्ये स्वतःच्या पत्त्यासह उघडली, तर त्या पत्त्याला काही ठराविक साचा आहे का ते तपासा. महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांना १८ अंकी संकेतांक असतो, त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. हा संकेतांक प्रत्येक निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदात छापलेला असतो, आणि फाइलच्या नावातही बहुधा तोच येतो. संकेतांकांची यादी हाताशी असेल तर लिंका काढण्याची वेगळी मेहनत पुष्कळशी वाचते.

संकेतांकाचा विषय निघालाच आहे तर एक सापळा सांगून ठेवतो. एक्सेल कुठल्याही संख्येचे फक्त पहिले १५ अंक जपून ठेवतं. १८ अंकी संकेतांक वेगळ्या रकान्यात घेतला की शेवटचे तीन अंक शून्य होतात, आणि वर तो आकडा दशांश चिन्ह आणि ई घालून आखडून दाखवला जातो. रकाना रुंद करून किंवा नंतर 'टेक्स्ट' निवडून ते अंक परत येत नाहीत. ते गेलेलेच असतात. रकाना आधी टेक्स्ट करा, मग पेस्ट करा. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साध्या मजकुराची फाइल) असेल तर तिच्यावर डबल क्लिक न करता डेटा मेनूतून आयात करा आणि त्या रकान्याचा प्रकार टेक्स्ट निवडा. पूर्ण पत्ता एकाच रकान्यात असेल तर हा धोका नाही, कारण त्यात अक्षरंही असतात.

यादी आली, पण लिंका उघडत नाहीत

सोर्समध्ये लिंका आहेत, साधनाने त्या काढल्याही, पण क्लिक केलं की 'पान सापडले नाही'. यादीतल्या पत्त्यांची सुरुवात बघा. ती एचटीटीपीने होत नसेल तर ते अपुरे पत्ते आहेत आणि पानाच्या पत्त्याला जोडूनच त्यांना अर्थ येतो. समजा पान 'उदाहरण.कॉम/अहवाल/२०२३/सूची' इथे आहे. त्यातली लिंक नुसती 'मे.पीडीएफ' असेल तर फाइल '/अहवाल/२०२३/मे.पीडीएफ' इथे असेल. लिंक '/मे.पीडीएफ' अशी तिरप्या रेघेने सुरू होत असेल तर ती थेट साइटच्या मुळाशी जाते. '../मे.पीडीएफ' असेल तर एक पायरी वर, म्हणजे '/अहवाल/मे.पीडीएफ'. दोन तिरप्या रेघांनी सुरू होत असेल तर पुढे पूर्ण साइटचं नाव असतं, फक्त एचटीटीपीएस तेवढं गाळलेलं.

हाताने जोडणारे बहुतेक जण इथे एका बारीक गोष्टीवर अडकतात. पानाचा पत्ता 'उदाहरण.कॉम/अहवाल/२०२३' असा असेल आणि शेवटी तिरपी रेघ नसेल, तर ब्राउझर '२०२३' हे फोल्डर नव्हे, फाइल समजतो. मग 'मे.पीडीएफ' ही '/अहवाल/मे.पीडीएफ' होते. शेवटी रेघ असेल तर '/अहवाल/२०२३/मे.पीडीएफ'. एका रेघेने सगळी यादी चुकते. पानाच्या सोर्समध्ये अगदी वर, 'हेड' या भागात, 'बेस' नावाचा टॅग असेल तर जोडणी त्याच्यापासून सुरू होते, पानाच्या पत्त्यापासून नाही. हे सगळे नियम ब्राउझरला पाठ आहेत, आणि कन्सोलमधल्या ओळीतून येणारा एचरेफ आधीच पूर्ण जोडलेला असतो. इम्पोर्ट-एक्सएमएल मात्र सोर्समध्ये लिहिलेलं जसंच्या तसं देतं. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरत असाल तर 'यूआरएल-जॉइन' हे फंक्शन तिथे तयार आहे. दोन मजकूर अधिक चिन्हाने चिकटवून पत्ता बनवू नका.

दुसरं कारण '&' या चिन्हात दडलेलं असतं. एचटीएमएलमध्ये हे चिन्ह लिहायची रीत अशी की अँपरसँड, त्यापुढे ए-एम-पी, आणि अर्धविराम. ब्राउझर वाचताना त्याचं पुन्हा एकच चिन्ह करतो. पण सोर्समधून नुसता मजकूर शोधून लिंका उचलणारं साधन ते तसंच ठेवतं. पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर दोन-तीन गोष्टी असतील, जसं वर्ष आणि विभाग, तर पहिली ठीक जाते आणि दुसरीचं नाव बिघडतं. लिंक उघडते, पण भलतंच पान दाखवते, म्हणून चूक लवकर लक्षातही येत नाही. यादीत 'ए-एम-पी आणि अर्धविराम' शोधून त्याजागी काहीच न ठेवता बदला.

टक्क्यांची माळ

मराठी साइटच्या लिंका काढल्या की घाबरवणारी गोष्ट म्हणजे टक्का, ई, शून्य, टक्का, ए, चार अशी न संपणारी माळ. 'लिंक करप्ट झाली' म्हणून ती टाकून दिलेली मी पाहिली आहे. त्यात काहीही बिघडलेलं नाही. पत्त्यात मूळ नियमाप्रमाणे फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि थोडी चिन्हं चालतात, बाकी सगळं टक्का आणि दोन आकडे-अक्षरं असं लिहावं लागतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) तीन बाइटचं, म्हणजे पत्त्यात नऊ अक्षरांचं. 'महाराष्ट्र' या शब्दात काना आणि हलन्त धरून दहा चिन्हं आहेत, त्यांची पत्त्यात ९० अक्षरं होतात. विकिपीडियावरच्या चार शब्दांच्या शीर्षकाची लिंक किती लांबेल याचा अंदाज करा.

या लांबीचा एक थेट त्रास आहे. एक्सेलच्या सूत्रात अवतरणचिन्हांत २५५ पेक्षा जास्त अक्षरं टाकता येत नाहीत, त्यामुळे हायपरलिंकच्या सूत्रात लांब मराठी पत्ता लिहिला की ते सूत्र स्वीकारलंच जात नाही. पत्ता सूत्रात न घालता वेगळ्या खान्यात नुसता ठेवा.

वाचता यावं म्हणून माळ उलगडायची असेल तर उलगडलेली प्रत शेजारच्या रकान्यात ठेवा, मूळ पत्ता तसाच राहू द्या. दोनदा गुंडाळलेला पत्ताही कधीकधी सापडतो. त्यात प्रत्येक टक्क्यानंतर २५ दिसतं, कारण टक्क्याच्या चिन्हाचंच टक्का-२५ झालेलं असतं. ती लिंक उघडत नाही. टक्का-२५ च्या जागी नुसता टक्का टाकला की ठीक होते.

साइटचं नावच देवनागरीत असेल तर वेगळंच दिसतं. '.भारत' हे डोमेन २०१४ पासून मिळतं, पण आतून त्याची नोंद रोमन अक्षरांतच असते: एक्स, एन, दोन जोडरेघा आणि पुढे अर्थ न लागणारी अक्षरं. कन्सोलमधून काढलेल्या यादीत ते असंच येईल. तीच खरी लिंक आहे.

दोनदा आलेली, पण दोनदा न दिसणारी

शीटला 'दुबार नोंदी काढून टाका' म्हटलं तरी काही राहतात. फेसबुकवरून आलेल्या पत्त्याला एफबी-सी-एल-आय-डी चिकटलेलं असतं, बातमीपत्रातल्या लिंकेला यूटीएम. वाचक कुठून आला हे मोजायला लावलेली ही शेपटं. तेवढा भाग छाटा. '#' नंतरचा भागही साधारणपणे छाटता येतो, कारण तो त्याच पानातली जागा सांगतो. पण '#' नंतर लगेच तिरपी रेघ असेल तर हात लावू नका, काही साइट सगळी पानं त्याच्याच आधारे चालवतात. आणि प्रश्नचिन्हानंतरचं सगळं सरसकट उडवणं तर नकोच. कित्येक ठिकाणी फाइल कुठली हे सांगणारा क्रमांक तिथेच असतो.

एक दुबारपणा मात्र खास आपला आहे. 'दऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घालतात. काही कीबोर्ड साधा 'र', हलन्त आणि मग न दिसणारं जोडचिन्ह, म्हणजे झेडडब्ल्यूजे, घालून 'दर्‍या' बनवतात. स्क्रीनवर दोन्ही सारखे दिसतात, पण पत्त्यात ते दोन वेगळे शब्द आहेत, म्हणून संगणकाला ही दुबार नोंद वाटत नाही. कधी एक लिंक उघडते आणि तिच्यासारखीच दिसणारी दुसरी उघडत नाही. माळेत टक्का-ई-२, टक्का-८०, टक्का-८-डी असं सलग दिसलं की ते जोडचिन्ह आहे असं समजा. किनाऱ्यावर, वाऱ्याची, शेतकऱ्यांचे अशा शब्दांच्या लिंका म्हणूनच डोळ्यांनी ताडून बघू नका, उघडून बघा.

जुन्या फाँटांतल्या साइटचंही इथेच सांगतो. युनिकोडच्या आधीच्या फाँटात लिहिलेल्या पानावरून लिंका काढल्या की शीर्षकांच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा येतो. पत्ते शाबूत असतात, तेच घ्या. शीर्षकं त्या फाँटाच्या परिवर्तकातून काढावी लागतील. उलट शीर्षकं युनिकोडमध्ये असूनही एक्सेलमध्ये उघडल्यावर चित्रविचित्र दिसत असतील, तर सीएसव्ही यूटीएफ-८ म्हणून आयात केलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

थोडं सबुरीनं

काढलेल्या शेकडो लिंका जिवंत आहेत का हे एका दमात तपासायला गेलात तर समोरचा सर्व्हर ४२९ किंवा ४०३ अशी उत्तरं देऊ लागतो. पहिल्याचा अर्थ फार वेगाने मागताय, दुसऱ्याचा अर्थ देत नाही. त्या लिंका मेलेल्या नाहीत. दोन मागण्यांमध्ये काही सेकंदांचं अंतर ठेवा आणि उरलेल्या दुसऱ्या दिवशी बघा. साइटच्या मुळाशी असलेली 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' फाइलही एकदा वाचावी. स्वयंचलित साधनांनी कुठे जाऊ नये ते तिथे लिहिलेलं असतं. ही पद्धत १९९४ पासून चालत आली आहे.

आणि बँकेच्या, रुग्णालयाच्या किंवा शाळेच्या ईमेलमधून आलेला, पुढे लांबलचक क्रमांक असलेला पत्ता कुठल्याही ऑनलाइन साधनाच्या चौकटीत टाकू नका. असा पत्ता ज्याच्या हाती पडेल त्याला अनेकदा लॉगिन न करता आत जाता येतं. त्यासाठी कन्सोलच बरा, तिथे काढलेली यादी तुमच्या संगणकाबाहेर जात नाही.

यादी पुरी झाली हे कसं कळणार

बऱ्याच पानांवर 'एकूण नोंदी' असा आकडा असतो. तो आणि तुमच्या शीटमधला दुबार काढल्यानंतरचा आकडा जुळवा. फरक पडला तर आधी बघा की दोन वेगळ्या शीर्षकांना एकच फाइल जोडलेली आहे का. अशी गडबड साइट भरणाऱ्यांकडून पुष्कळदा होते, आणि तुमचा दुबार काढणारा फिल्टर त्यातली एक नोंद गुपचूप गिळतो. म्हणून शीर्षकाचा रकाना सोबत ठेवा आणि फक्त पत्त्यावर नाही, शीर्षक आणि पत्ता दोन्ही जुळले तरच नोंद काढा. कन्सोलच्या ओळीत 'ए.एचरेफ' च्या जागी 'ए.टेक्स्टकंटेंट.ट्रिम() + '\टी' + ए.एचरेफ' लिहिलं की शीर्षक आणि पत्ता शेजारशेजारच्या रकान्यांत पडतात. इथे कंटेंटमधला सी तेवढा मोठा लिहायचा. तरीही आकडा जुळत नसेल, तर ज्या नोंदी कमी आहेत त्यांच्यातल्या एकीचं शीर्षक घेऊन कंट्रोल-यूमध्ये शोधा.